सिन्योरा इनेस पर्यटक होतात

९ ऑक्टोबर

पावाच्या टोपलीखाली नकाशा! रंगीत, घडीचा, स्टेशनाबाहेर पाहुण्यांना वाटतात तसला — कोपऱ्यात गोंडोला, मागे आइस्क्रीमची जाहिरात. मी टोपली उचलली मात्र, सिन्योरा इनेस इतक्या झटकन वळल्या की कॉफी ओट्यावर सांडली.

"जिन्यात पडला होता. कुणीतरी टाकला असेल," म्हणाल्या.

जिन्यात! या बाईंचा जन्म पलीकडच्या कालव्यावरचा, संसार या कालव्यावरचा. वय अठ्ठ्याहत्तर. डोळे मिटून मासळीबाजार गाठतील. त्यांना व्हेनिसचा नकाशा कशाला?

नकाशा परक्यांना लागतो. म्हणजे कोणी परके इथे येणार आहे. घर पाहायला.

१० ऑक्टोबर

दुकानात दिवसभर हिशेब चुकत राहिले. मन थाऱ्यावर नाही.

या जिन्यावर चार घरे. तीन आधीच गेली. त्यांच्या दारांना आता आकड्यांची कुलपे आहेत, आणि दर शनिवारी चाकांच्या पेट्या पुलाच्या पायऱ्यांवरून खडखडत येतात. राहणारे कोणी नाही. येणारे आणि जाणारे. माझी खोली उरली ती केवळ सिन्योरांच्या हट्टामुळे. "परक्या माणसाला माझ्या न्हाणीघरात घेणार नाही," म्हणतात. मला घेतले, त्याला सात वर्षे झाली. मी परकी नाही का, हे विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

ही खोली गेली तर दुसरी मिळणार नाही. मिळाली तर म्युझियमच्या पुस्तकांच्या दुकानातला पगार तिला पुरणार नाही. मग परत अंबाजोगाई. आई दर रविवारी विचारतेच — "झालं ना आता शिक्षण?" दहावीला केंद्रात पहिली, शिष्यवृत्ती, जुन्या हस्तलिखितांवर प्रबंध — आणि परतण्याचे कारण काय सांगायचे? राहायला जागा नव्हती?

सिन्योरांना सरळ विचारावे हे उत्तम. पण सरळ विचारणे मला कधीच जमलेले नाही. पाहत राहणे जमते.

१४ ऑक्टोबर

पांढरे बूट. नवे कोरे, धावायला घालतात तसले. सिन्योरांच्या पायात आजवर काळ्या चामड्याखेरीज काही पाहिले नाही.

"डॉक्टरांनी सांगितलं."

कोणत्या डॉक्टरांनी? — त्या नाड्या बांधू लागल्या.

१७ ऑक्टोबर

आज लवकर घरी आले. स्वयंपाकघरात पुरुषाचा आवाज! दारातून दिसला तो: पांढऱ्या भरघोस मिशा, रुंद खांदे, पाय फाकवून उभा — जमीन केव्हाही हलेल अशी खात्री असल्यासारखा. बोटाने भिंतीवर टकटक करत होता.

"ओल कुठवर चढली होती गं त्या पुराच्या वर्षी?"

"इथवर," सिन्योरा कमरेशी हात धरून म्हणाल्या.

"मग वरची बाजू कोरडी आहे. खालचं झाकता येईल."

झाकता येईल! ही विकणाऱ्यांची भाषा. आणि सिन्योरांना 'गं' म्हणणारा हा कोण? त्यांचा सख्खा मुलगासुद्धा बिचकून बोलतो.

मला पाहताच तो हसला. "हीच ना तुझी पुस्तकवाली?"

"फेरुच्चो, तू निघ."

"निघतो. पण इनेस, हिला विचारायला हवं."

"हिला काही बोलायचं नाही. ठरलंय ना आपलं?"

मी मान लववून खोलीत गेले. दार लावले. दाराला कान लावला. त्याचे जड पाऊल जिना उतरत गेले, आणि सिन्योरा — अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या! — गुणगुणत होत्या.

१८ ऑक्टोबर

आमच्या कालव्याची रुंदी ती किती! समोरच्या वांदाबाई खिडकीतून कपडे वाळत घालतात तेव्हा थेंब आमच्या बाजूच्या पाण्यात पडतात. आज चिमटे दातांत धरूनच बोलल्या —

"काय गं वैजा, तुमच्याकडे मिशीवाला कोण येतो?"

"नळवाला असेल."

"हो का? नळवाले हल्ली फुलं घेऊन येतात वाटतं!"

फुले मला दिसली नव्हती. परत येऊन शोधली. सिन्योरांच्या खोलीत, पलंगाशेजारी, पाण्याच्या पेल्यात.

तेव्हा माझा पहिला निष्कर्ष अपुरा होता. हा नुसता दलाल नव्हे. एकट्या म्हाताऱ्या बाईला फुले देऊन घर बळकावणारा आहे. असे इसम वर्तमानपत्रांत वाचले आहेत. जेवढे गोड, तेवढे वाईट.

१९ ऑक्टोबर

दाराशी पाटीवरचे नाव तपासले. अजून सिन्योरांचेच आहे.

२३ ऑक्टोबर

म्युझियममध्ये आले! दोघे!

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. काचेतून पायऱ्यांकडे पाहत होते. पांढरे बूट आधी दिसले. मग गळ्यात लटकणारा कॅमेरा, डोक्याला गवती टोपी — ऑक्टोबरात! कानांत माहिती ऐकण्याची ती यंत्रे. हुबेहूब पर्यटक. फेरुच्चो एका हाताने त्यांचा कोपर धरून, दुसऱ्या हाताने छताकडे दाखवत होता. छतावर सोनेरी देवदूत आहेत. सिन्योरा मान इतकी मागे टाकून पाहत होत्या की टोपी पडली. ती उचलायला वाकल्या आणि आमची नजरानजर झाली.

त्यांनी तोंड फिरवले. एका जर्मन कुटुंबाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या सिन्योरा — मला न ओळखल्यासारख्या!

संध्याकाळी जेवताना आंबटगोड सार्डिन वाढल्या. वास्तविक तो सणासुदीचा पदार्थ. "आज कसा दिवस गेला?" मला विचारतात!

"नेहमीसारखा," मी म्हटले. "तुमचा?"

"बाजारात गेले होते."

मी मासा काट्याने उलटला. दोघीही खोटे बोललो, एकाच टेबलाशी, लागोपाठ.

३० ऑक्टोबर

सुटी होती. त्या निघाल्यावर पाच मिनिटांनी मीही निघाले. हे योग्य नव्हे, हे मला कळते. परंतु ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ पाहते त्याला योग्यतेची चैन परवडत नाही.

तो त्यांना पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेला, जिथे आमच्या भागातले कुत्रेही फिरकत नाही. धक्क्यावर गोंडोले उभे. मला वाटले, पुढे जातील. नाही! फेरुच्चोने हात दिला आणि सिन्योरा आत उतरल्या. गोंडोल्यात!

इथला माणूस गोंडोल्यात बसत नाही. लग्नाच्या दिवशी नवरी बसते, तेवढीच. एरवी ते पाहुण्यांसाठी. सिन्योरा स्वतःच म्हणतात — "त्यात बसलेला माणूस पाहिला की मला त्याच्या आईची दया येते."

मी पुलाच्या कठड्याआड थांबले. सगळे ऐकू आले, कारण पाण्यावरून आवाज चढतो.

"अरे फेरुच्चो!" गोंडोलावाला ओरडला. "बोट चुकलास काय?"

"पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे मी. नीट बोल."

"आयुष्यभर लाटा मारून आम्हाला धक्क्यावर आपटलंस. आता हळू बस, नाही तर आजही बुडवशील."

"लवकर चल रे बाबा," सिन्योरा टोपी ओढत म्हणाल्या. "कुणी बघेल."

"बघू द्या की, सिन्योरा. इंग्रजी बोला, म्हणजे कुणाला संशय यायचा नाही."

"मला नाही येत इंग्रजी."

"मग नुसतं हसत राहा. तेही बिचारे तेवढंच करतात."

आणि सिन्योरा हसल्या. मी सात वर्षांत तो आवाज ऐकलेला नाही.

"आणि हे कुणाजवळ बोलशील तर बघ," त्या गोंडोलावाल्याला म्हणाल्या.

"माझ्या बायकोची शपथ!"

"तुझ्या बायकोची नको, गोंडोल्याची घे."

गोंडोला पुलाखालून गेला. सिन्योरा एकेका घराकडे बोट दाखवत होत्या, तो टिपून घेतल्यासारखा मान हलवत होता. कोणती घरे? कशासाठी? कालव्याकडून घराची किंमत निराळी होते, हे शहाण्याला सांगायला नको.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सिन्योरा शेवंतीची फुले घेऊन नवऱ्याच्या कबरीवर गेल्या. दफनभूमीच्या बेटापर्यंत मी सोबत होते. परतताना धक्क्यावर कोण? — मिशा! टोपी छातीशी धरून. आत आला नाही, एवढे खरे. थांबला मात्र दोन बोटी सोडून.

मृत माणसाच्या बायकोची वाट पाहणे, तेही त्याच्या दाराशी.

३ नोव्हेंबर

फोन केला. रेन्झोला — सिन्योरांचा मुलगा. पुलापलीकडे मेस्त्रेला न्हाणीघराच्या फरशांचे दुकान. आधी वाक्ये कागदावर लिहिली, तीनदा वाचली, मग नंबर फिरवला.

नकाशा सांगितला. बूट सांगितले. भिंतीवरची टकटक सांगितली. तो काहीतरी चघळत होता.

"अगं, आईला एकटं वाटत असेल. येऊ दे की कुणी गप्पा मारायला."

असेच होते नेहमी. मी खरे बोलले तरी ते क्षुल्लक वाटते. मग मी म्हटले, "सोमवारी ती दोघे गोंडोल्यात बसली होती."

चघळणे थांबले.

"कुणाचं लग्न होतं?"

"कुणाचेच नाही. नुसती. फिरायला."

"आई? गोंडोल्यात? पैसे देऊन?"

"बहुधा. गळ्यात कॅमेरा होता. हसत होत्या."

मग अगदी हळू — "डोकं गेलं तिचं. देवा! आणि मी इथं फरशा विकत बसलोय."

ठेवताना म्हणाला, "बरं केलंस. शब्द देतो, तुझं नाव कुठं येणार नाही."

मला हायसे वाटले. हायसे वाटायला हवे होते, तितके नाही.

५ नोव्हेंबर

रेन्झो आला. मी माझ्या खोलीत होते, दार किलकिले.

"आई, खरं सांग. तू गोंडोल्यात बसलीस?"

सुरी फळीवर थांबली. लाल पानांची भाजी चिरत होत्या.

"कुणी सांगितलं?"

"बसलीस का?"

"बसले. मग?"

"मग? सगळा धक्का हसतोय! माझी आई टोपी घालून, कॅमेरा अडकवून, अमेरिकन बाईसारखी! बाबा असते तर—"

"तुझे बाबा असते तर सोफ्यावर असते."

"उद्या उंबरा विसरशील, परवा गॅस. डॉक्टरकडे जायचं. आणि इथं एकटं राहायचं नाही. माझ्याकडे लिफ्ट आहे, ऊब आहे. या घरात तीन खोल्या निघतात, पाहुण्यांना देऊ, तुझा खर्च भागेल."

मी भिंतीला पाठ टेकली. ज्याची मला धास्ती होती ते वाक्य फेरुच्चोच्या तोंडून कधीच निघाले नव्हते. ते आज पहिल्यांदा ऐकले — आणि ज्याला मी बोलावले, त्याच्या तोंडून.

सिन्योरा डॉक्टरच्या नावाने भडकतील, मुलाला हाकलतील असे वाटले. पण त्यांनी एवढेच विचारले, "कुणी सांगितलं, रेन्झो?"

"काय फरक पडतो?"

"मला पडतो."

७ नोव्हेंबर

आज त्यांनी मला विचारलेच. भांडी पुसताना, माझ्याकडे न पाहता.

"तू तर कुणाला काही बोलली नाहीस ना, वैजा?"

"मी? मी कुणाशी बोलते, सिन्योरा?"

हे खरे आहे. मी कोणाशी बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे. खोटे बोलण्यासाठी याहून चांगले खरे वाक्य मला शोधूनही सापडले नसते.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे तोच. गोंडोलावाला नाही बोलायचा. तो बढाईखोर, पण शब्दाचा पक्का. फेरुच्चोच. गुत्त्यात दोन पेले झाले की त्याची जीभ सुटते. सगळ्यांना सांगत बसला असेल — इनेसला फिरवली, इनेसला हसवली." फडके टांगले. "या वयात शहाणपण आलं असेल असं वाटलं होतं. माझंच."

मी तिथे उभी होते. पुसलेला पेला पुन्हा पुसला. मग त्या गेल्या.

८ नोव्हेंबर

रेन्झो म्युझियममध्ये आला. दुकानातल्या पुस्तकांकडे पाहून "हे सगळं वाचतेस?" वगैरे. मग मुद्दा. आई डिसेंबरात येते म्हणाली. स्वतःहून! भांडली नाही. पाहुण्यांसाठी घर लावून देणार. चाव्या देणारे, चादरी बघणारे विश्वासाचे माणूस हवे. "तुझी खोली तुलाच राहील. भाडं नको. डोळे उघडे ठेवणारं माणूस मिळतं कुठं?"

खोली वाचली.

खोली वाचली! हेच तर हवे होते.

९ नोव्हेंबर

फेरुच्चो खाली चौकात उभा. हाक मारत होता. सिन्योरांनी लाकडी झडपा लावून घेतल्या.

११ नोव्हेंबर

सान मार्तीनोचा सण. मुले पातेली बडवत दारोदार. बेकरीत घोड्यावरचा संत — केवढे ते बिस्किट, वर साखरेचे लाल-हिरवे थर, चांदीच्या गोळ्या. आमच्या खालच्या दारात फेरुच्चो तसले एक हातांत धरून. पातळ कागदात, पायांचा तुकडा मोडलेला.

"वर जायला मला बंदी आहे. तिला देशील?"

दिले. सिन्योरांनी पाहिलेही नाही. "ज्या तोंडाने गावभर सांगितलं त्याच तोंडाने खा म्हणावं."

मी ते परत घेऊन खाली आले. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. मी उभी. आणि मला काय झाले कोण जाणे, एरवी ज्या प्रश्नाला सात दिवस लागले असते तो एकदम विचारला.

"तुम्हांला घर हवे होते ना?"

"घर?" त्याने मिशीवरची साखर पुसली. "मला माझंच घर मोठं होतं पोरी, बायको गेल्यापासून. दुसरं घेऊन काय करू, प्रतिध्वनी ऐकू?"

"मग भिंत कशाला ठोकून पाहिलीत? ओल झाकणार होता—"

"फोटो लावायचे होते. आम्ही काढलेले. ओल्या भिंतीवर गोंद धरत नाही."

मग त्याने सांगितले, मी न विचारता. आधी प्रवासी बोटीवर दोर टाकायचा, पुढे चाक धरले. सगळे आयुष्य मोठ्या कालव्यावर वर-खाली. राजवाडा डावीकडे, राजवाडा उजवीकडे. "सगळ्यांना उतरवलं. मी कधी उतरलो नाही. आत काय आहे विचारशील तर शपथ, मला ठाऊक नाही. इनेसचं तेच. घर, बाजार, चर्च, घर. नवरा म्हणायचा, बघायचंय काय त्यात, इथंच तर राहतो. सप्टेंबरात माझ्या शेजारी बसली होती धक्क्यावर, पाहुण्यांच्या रांगेकडे बघत. म्हणाली, फेरुच्चो, हे लोक एवढं काय बघतात रे? म्हटलं, चल, बघू. हा एक हिवाळा आपण पाहुणे होऊ. पण गुपचूप. ओळखीच्या कुणी पाहिलं तर जन्मभर चिडवतील."

मी कट्ट्यावर टेकले.

"तुला विचारणार होतो. म्युझियममध्ये आहेस, नीट समजावून सांगशील. इनेस म्हणाली, नको, पोर लाजाळू आहे, दोन म्हातारे मागे घेऊन फिरायला तिला संकोच वाटेल." त्याने बिस्किटाचा तुकडा तोडून माझ्यापुढे धरला. "मी कुणाला बोललो नाही गं. एकाही माणसाला नाही. पण तिला पटवू कसं? दुसरं कुणी दाखवता येत नाही मला."

तुकडा घेतला. खाल्ला. गोड होता. त्याला माझा संशय आला नाही — माझा, जिला सगळ्यांचा येतो!

१४ नोव्हेंबर

पहाटे भोंगे. भरतीचे पाणी चढले. फळ्यांचे रस्ते मांडले. चौकात गुडघाभर पाण्यात फेरुच्चो, मांडीपर्यंतचे गमबूट घालून, वर तोंड करून: "इनेस! दोन शब्द!"

समोरून वांदाबाई — "कॅप्टन, इथं बोट थांबत नाही! पुढचा धक्का बघा!"

सगळ्या खिडक्या हसल्या. आमची उघडली नाही. आत सिन्योरा खुर्चीवर ताठ बसून होत्या, हात मांडीवर, कुणीतरी त्यांचेच छायाचित्र काढत असल्यासारख्या.

१६ नोव्हेंबर

वर्तमानपत्रांत बशा गुंडाळत आहेत. मी मदत केली.

"तुम्हांला खरेच जायचे आहे?" मी विचारले.

"नव्हतं जायचं. रेन्झोला मी ऐकणारी आहे का? डॉक्टराला जिन्यावरूनच परत पाठवला असता." एक बशी उजेडात धरून पाहिली. "पण इथं आता काय आहे? एक माणूस मिळाला होता, ज्याच्यासोबत येड्यासारखं वागता येत होतं. त्यानंच हसं केलं. मग मेस्त्रे काय नि इथं काय."

मग मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळण्याचे तांब्याचे पातेले माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या आईचे. "हे तू ठेव. तिथं विजेची शेगडी आहे."

१८ नोव्हेंबर

रेन्झो फरशांचे नमुने घेऊन आला. माझ्या खोलीलाही नवे न्हाणीघर. "रंग तू सांग."

निळा सांगितला.

१९ नोव्हेंबर

सांगितले तर खोली जाईल. न सांगितले तर सिन्योरा जातील. इतके सरळ वाक्य मी प्रबंधातही कधी लिहिले नव्हते.

२१ नोव्हेंबर

सालुतेचा सण. मोठ्या कालव्यावर आजच्या दिवसापुरता बांधलेला पूल, त्यावरून सारे शहर चालत चर्चला जाते — रोगाच्या साथीतून वाचवल्याचे आभार, पिढ्यान्‌पिढ्या. आज पाहुणे दिसत नाहीत. दिसले तरी बाजूला होतात. सिन्योरा काळ्या बुटांत, माझ्या दंडाला धरून. कदाचित शेवटचे, असे दोनदा म्हणाल्या.

मी पुलाच्या मधोमध सांगितले. तिथे कोणाला थांबता येत नाही. मागून माणसे ढकलतात.

"फेरुच्चो बोलला नाही, सिन्योरा. रेन्झोला मी फोन केला होता. मी तुमच्या मागे गेले होते. मला वाटले तुम्ही घर विकणार. मला काढणार."

त्यांचा हात दंडावर तसाच राहिला. नुसते वजन त्यातून निघून गेले. आम्ही चालत राहिलो. मुलाला खांद्यावर घेतलेला एक माणूस, फुगेवाला, मेणबत्त्यांचे ठेले. त्यांनी मेणबत्ती घेतली, आत देऊन आल्या.

घरी कास्त्रादिना — खारवलेले मटण, कोबी, सकाळपासून शिजत असलेले. दोन बशा वाढल्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या —

"विकणार होते, असं वाटलं तर विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"मी विचारलं तेव्हाही?"

मी रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या.

"शनिवारपर्यंत खोली रिकामी कर. रागानं नाही म्हणत, पोरी. म्हणजे, रागानंही म्हणतेय. पण घरात काही ठेवताना, कुणाला हाक मारताना मला वाटत राहील, तू बघतेयस. तसं राहायचं नाही मला."

"हो, सिन्योरा."

मग उठल्या. झडपा धाडकन उघडल्या, आणि कालव्यावर ओरडल्या —

"वांदा! फेरुच्चोचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

"कुठला फेरुच्चो?" वांदाबाईंना सारे माहीत असून!

"मिशीवाला! ज्याच्यासोबत मी गोंडोल्यात बसले तो! जोरात सांग, मला लिहायला काही सापडत नाही!"

नंबर सगळ्या कालव्याने ऐकला. त्यानंतर रेन्झोला फोन, एकच वाक्य: "त्या फरशा तुझ्या घरी लाव."

२२ नोव्हेंबर

पुस्तके पेटीत भरली. तांब्याचे पातेले ओट्यावर परत ठेवले. सिन्योरांनी पाहिले.

खोल्यांच्या जाहिराती पाहिल्या. एकही नाही. आईला रविवारी काय सांगायचे, याचे वाक्य तयार करत आहे.

२४ नोव्हेंबर

जुदेक्का बेट. काल फेरुच्चो हातगाडी घेऊन सिन्योरांच्या दाराशी आले. सिन्योरांनी त्यांना सगळे सांगितले आहे — सगळे. तरी पेटी उचलताना एवढेच म्हणाले, "पुस्तकं लई जड असतात बाबा," आणि पुलांवरून गाडी ओढत, मग बोटीने, मला आपल्या घरी आणले. खोलीत पलंग, एक खुर्ची, पाण्याकडे खिडकी. संध्याकाळी दारात येऊन थांबले. "आतून कडी नाहीये याला. उद्या बसवून देऊ का?"

मी म्हटले — नको.